कोऱ्या भिंतीसमोर

आमची मुलगी हगवणीनं गेली तेव्हा तीन वर्षांची होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी कंबर धरली. परभणीच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला, फळीवर झोपायला सांगितलं. दुसऱ्या दुखण्यासाठी त्यांच्याकडे पट्टा नव्हता.

मी तेव्हा ताडकळसला मास्तर होतो. नांदेडला जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका जपानी भिक्षूचं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसा, श्वास मोजा, वेदना आली तर तिच्याशी न भांडता तिच्याकडे बघत राहा. आम्ही बौद्ध होऊन वीसेक वर्षं झाली होती, पण विहारात बसायचं ते वंदनेला आणि भाषणं ऐकायला. गप्प बसण्याचा कार्यक्रम कुणी कधी ठेवला नव्हता.

घर एका खोलीचं, म्हणून मी पहाटे विहारात जाऊ लागलो. तिथे तीन भिंतींवर मूर्ती, फोटो आणि देणगीदारांची नावं. कोरी भिंत एकच, मूर्तीच्या समोरची. म्हणजे माझी पाठ मूर्तीकडे.

आठवडाभरात कमिटीचे अध्यक्ष इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले.

"गुरुजी, भगवंताला पाठ दावून बसायलात तुमी. रुसलात का काय?"

"जपानात असंच बसतात, दादा."

"हे काय जपान हाय का?"

मुलीचं दुःख सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला उठवायला कुणी धजेना. शेवटी पौर्णिमेला लाउडस्पीकर लावून, अध्यक्षांच्या लांबलचक भाषणानंतर, माझ्या भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर टांगण्यात आली. आता तिकडे तोंड केलं तरी समोर भगवंतच, म्हणजे अपमान होण्याची सोय राहिली नाही. कोरी भिंतही राहिली नाही.

कमरेपुरतं पुस्तक अगदीच खोटं नव्हतं. ठणका बघत राहिलं की त्याचा धाक कमी व्हायचा. पण तो कमी झाला की जागा मोकळी व्हायची आणि तिथे मुलगी येऊन बसायची. बघत राहून ती विरत नव्हती.

मी तसबिरीसमोरच बसत राहिलो होतो. एका पहाटे बायको विहारात आली आणि शेजारी बसली. मुलगी गेल्यापासून ती कामापुरतंच बोलत असे.

"तुमाला गुण यायलाय म्हणं. मला बी शिकवा."

मी सांगितलं तशी ती ताठ बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कवर बघायचं?"

"दुखणं कमी होईस्तोवर."

"अन् कमी झाल्यावर? तिची याद बी कमी व्हईल का?"

पुस्तकात याचं उत्तर बहुधा होकारार्थी होतं. मी कमरेचा पट्टा सारखा केला.

"मग नगं मला," ती म्हणाली आणि पदर सावरत उठली.

मीही पुन्हा गेलो नाही. थंडीत कंबर परत धरली. बायको चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळून रोज शेकायची. कमी वाटतंय का, हे तिनं कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.