आण्णांचं टेबल

"आसू द्या हितंच. परत मागाय येत्यातच की," असं म्हणत आण्णा परत आलेला पाना टेबलावरच ठेवत. आत नेऊन ठेवणं त्यांच्या जिवावर येतं, असं माझ्यासारखंच तुम्हालाही वाटलं असतं.

सांगलीकडच्या एका साखर कारखान्याचं भांडार ते सांभाळत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं इंजिनिअर म्हणून लागलो. डिग्री हातात आली होती, अक्कल अजून वाटेवर होती.

कोणी पंपाचा पाना मागितला, की आण्णा शेजारच्या कप्प्यातली बोल्टांची डबीही काढून आणत. "पाना नेला म्हंजी बोल्ट लागणारच, गड्या." टेबल भरलं, की ज्याला बरेच दिवस कोणी विचारलं नव्हतं ते आत जाई.

"आण्णा, टेबल आहे की उकिरडा? वस्तू आली की लगेच तिच्या नंबरच्या कप्प्यात गेली पाहिजे."

"लय चकरा हुतील, साहेब."

"होऊ देत."

झाल्या. मागचे कप्पे लांब, त्यात आण्णांचा गुडघा दुखरा. ऐन गाळपात फिटर दारात ताटकळू लागले. एकदा तर गाळप तासभर बंद पडलं. मी अहवालात लिहिलं, 'भांडारपाल मंद आहेत.' आण्णांना उचलून फाटकावर बसवलं.

पुढं मी पुण्यात संगणकावर काम करू लागलो. प्रोग्राम मेमरीतल्या कोणत्या जागा मागतो, याची लांबलचक यादी छापून आठवडाभर तपासत बसलो. आकडे पुन्हा पुन्हा तेच, नाहीतर त्यांच्या शेजारचे. म्हणून तर प्रोसेसरजवळ छोटी, चपळ 'कॅश' ठेवतात. नुकतं मागितलेलं आणि त्याच्या लगतचं तिथं राहतं, लागत नाही ते आत जातं. यादीवरचा माझा हात थांबला. मला माझीच लाज वाटली.

माफी मागायला म्हणून त्यांच्या गावी गेलो. आण्णा निवृत्त झाले होते. मला बघून हरखले.

"आगं, चा ठेव! साहेब आल्यात. ह्येंनीच मला शिस्त लावली."

पाय ओढत ते मागच्या खोलीत गेले, सुपारीची डबी आणली, मला सुपारी दिली आणि डबी ठेवायला परत गेले. थोड्या वेळानं त्यांना स्वतःला सुपारी हवी झाली. पुन्हा उठले.

"आण्णा, राहू द्या ना इथंच."

"न्हाई, न्हाई. आळशीपणामुळंच भांडार गेलं माजं. आता सुधारलोय."

खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्या बायकोसमोर जीभ रेटेना. चहा पिऊन एस.टी. पकडली.

त्याच वर्षी आण्णा गेले. चूक आपलीच होती, असं समजून गेले.