दोन पात्यांचा एक कागद

चहा घेताच आहात तर ऐका, पण बाहेर कुठे बोलू नका. मी देवास सोडून धारला का आलो, असं इथे सगळे विचारतात आणि मी हवापाण्याचं कारण सांगतो. हवापाणी कसलं! मी दोन दरबारांची एकी करायला निघालो आणि ती झाली. तेच नडलं.

देवास तुम्हाला ठाऊक आहेच. गाव एक, राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजाररस्त्याच्या एका अंगाला थोरल्यांचा अंमल, दुसऱ्या अंगाला धाकट्यांचा. कचेऱ्या दोन, पोलीस दोन. मी लहानपणीच पुण्याला शिकायला गेलो होतो, त्यामुळे यातलं काही अंगवळणी पडलं नव्हतं. बी.ए. होऊन परतलो तो डोक्यात राष्ट्र घेऊन.

नाना, म्हणजे माझे वडील, थोरल्या पातीत दफ्तरदार. त्यांनी चार ठिकाणी शब्द टाकून शाळेतली मास्तराची जागा माझ्यासाठी जवळजवळ पक्की केली होती. हुकूम निघायचा तेवढा बाकी. तोवर गप्प बस, एवढीच त्यांची मागणी.

बसलो असतो हो. पण चौथ्याच दिवशी भरबाजारात एकाने माझं नवं उपरणं ओढलं आणि तो पळाला. मी मागे, माझ्यामागे शिपाई. चोर रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि चक्क उभा राहून दम खाऊ लागला. शिपाई रस्त्याच्या मध्यावर थांबला.

"अहो, पकडा ना."

"भिया, वा बाजू म्हारी नी है."

ती बाजू त्याची नाही! पलीकडच्या शिपायाला हाक मारली, तर तो म्हणाला, चोरी आमच्या हद्दीत झालेली नाही. मी मधोमध. त्या क्षणी मी कोणत्या राज्यात उभा होतो? मला आजही कळलेलं नाही.

घरी येऊन विचार केला तो उपरण्याचा नाही, देशाच्या रक्षणाचा. टोंकखुर्दच्या बाजूने बाहेरचे दरोडेखोर येत, गुरं हाकून नेत, आणि एका पातीच्या गावातून दुसरीच्या गावात शिरले की सुटत. ज्या राज्याचं परराष्ट्र समोरच्या हलवायापासून सुरू होतं, ते राखायचं कसं? मी मसुदा लिहिला. बाहेरून हल्ला झाला तर दोन्हीकडच्या शिपायांनी मिळून पाठलाग करावा, आणि त्यात हद्द ओलांडली तरी ते अतिक्रमण समजू नये.

थोरल्यांचे मुख्य मानकरी आबासाहेब, धाकट्यांचे तात्यासाहेब. दोघांनी मसुदा वाचला, दोघेही म्हणाले, बरोबर आहे. मी चक्रावलो. इतकं सोपं?

मग आबासाहेबांनी विचारलं, "सही वर कोणाची?"

झालं. थोरली पाती थोरली, म्हणून सही वर. तात्यासाहेबांचं म्हणणं, थोरलेपण नावापुरतं, अधिकार बरोबरीचा. शेजारी शेजारी सह्या? तर उजवीकडे कोण? दोन प्रती? तर आधी वाचायची कोणती? मी दिवसातून सहा वेळा रस्ता ओलांडत होतो, दोन्हीकडचे विडे खात होतो. गोंधळ इतका वाढला की एकदा आबासाहेबांचा निरोप मी आबासाहेबांनाच नेऊन दिला. त्यांनी तो साफ फेटाळला.

शेवटी पुणं कामी आलं. वसतिगृहात आमटी पातळ म्हणून आम्ही तक्रार केली होती, तेव्हा सह्या गोलाकार केल्या होत्या. वर्तुळाला पहिला कोण आणि शेवटचा कोण? कागदावर वाटी उपडी घालून मी रेघ ओढली, आणि दोन्हीकडच्या मानकऱ्यांनी चाकाच्या आऱ्यांसारख्या सह्या ठोकल्या. सगळे खूष. दोन संस्थानांचा आपसातला करार म्हणून कागद मंजुरीसाठी इंग्रजांच्या एजन्सीच्या साहेबाकडे गेला.

आता साहेबही कुठल्यातरी वसतिगृहातच वाढलेला असणार. गोल सह्या कशासाठी करतात हे त्याला पक्कं ठाऊक. म्होरक्या सापडू नये म्हणून! आमटीच्या वेळी आम्हीही त्यासाठीच केल्या होत्या, पण उत्साहात मी ते साफ विसरलो. दोन दरबार एक झाले, शिपाई एकत्र करायची भाषा, वर म्होरक्या लपवलेला. त्याने उलट टपाली विचारलं, याच्यामागे कोण आहे?

हे सगळं मला मागाहून कळलं. मला दिसलं ते एवढंच की आबासाहेब स्वतः रस्ता ओलांडून तात्यासाहेबांकडे गेले आणि मिळेल त्या जागी बसले. मला बोलावणं आलं. दोघे एका लोडाला टेकलेले! मी दोघांना मिळून एकच नमस्कार घातला.

"साहेबाला इंग्रजीत उत्तर जायचंय," तात्यासाहेब म्हणाले. "आमच्या कारकुनाच्या हातचं नको, यांच्याही नको. आम्हा दोघांच्या वतीने तुम्ही लिहा. हे घडवून कोणी आणलं, ते साहेबाला हवंय."

"माझं नाव कशाला? मोठेपणा आपला."

"छे, छे. कल्पना कोणाची?" आबासाहेबांनी विचारलं.

"माझी."

"मसुदा?"

"माझाच."

"आणि ते वर्तुळ?"

"तेही."

"मग लिहा. वडिलांचं नावही घाला."

"वडिलांचं राहू द्या, आबासाहेब," तात्यासाहेब हळूच म्हणाले. "नाना भला माणूस आहे."

याचा अर्थ मला लागला नाही. पुढे त्यांनी सांगितलं, यात आमचा कोणाचाही काडीचा वाटा नाही, असं लिहा. केवढा हा विनय, असं मनात म्हणत मी तेही लिहिलं.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मास्तराची जागा रद्द, आणि आठ दिवसांत देवासच्या दोन्ही हद्दी सोडाव्यात. सोबत पुरावा म्हणून माझ्याच हातच्या पत्राची नक्कल. नानांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांना ओळ न् ओळ मराठीत सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे सगळं त्या दोघांनी सांगितलं?"

"हो नाना. फक्त शेवटची ओळ मी पदरची घातली."

"कोणती?"

"हे आम्ही दोन्ही दरबार एकमताने लिहून देत आहोत."