जिन्यातला बोंबील

सकाळी सातला दामूकाका जिन्यात उभे राहून "बोंबील, चल रे" अशी हाक मारायचे, आणि भाईंदर पश्चिमेतल्या आमच्या शुद्ध शाकाहारी सोसायटीचा चहा कडू व्हायचा.

काका मूळचे जवळच्याच चौक कोळीवाड्यातले. सगळा जन्म होडीवर गेला. बायको वारली तेव्हा मुलाने त्यांना आमच्या मजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. आल्या आठवड्यातच त्यांनी बाल्कनीत दोरी बांधून बोंबील वाळत घातले. नोटीस यायला तासही लागला नाही. पाण्याच्या तक्रारीला मात्र महिना लागतो. काकांनी मुकाट्याने दोरी सोडली, घरात मासळी आणणंही थांबवलं. पुढे गेटपाशी एक फिकट, हाडकुळं, लांब जबड्याचं कुत्रं येऊन राहिलं. काकांनी त्याला एकदा नीट न्याहाळलं आणि तिथल्या तिथे बारसं उरकलं.

सेक्रेटरी हसमुखभाईंनी तातडीची सभा बोलावली. लिफ्ट पंधरा दिवस बंद होती, पण तो किरकोळ विषय पुढे ढकलण्यात आला. काका उभे राहून म्हणाले, "सुकवायचं न्हाय, रांधायचं न्हाय. आता नावबी घ्यायचं न्हाय?" कुत्र्याचं नाव 'ढोकळा' असावं, हा ठराव बहुमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. मी, खिडक्या घट्ट लावून पापलेट तळणारा. काका मला मनापासून आवडायचे, हे त्या हाताला कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातला हाक तीच. हसमुखभाईंनी ठरावाची आठवण करून दिली, तर काका शांतपणे म्हणाले, "त्याला वाचता येत न्हाय, शेठ."

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. कुत्रं त्यांच्या बंद दारापुढे पडून राहिलं, दोन दिवस अन्नाला शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी हसमुखभाई स्वतः दूध-पोळीची वाटी घेऊन आले. 'ढोकळा, ढोकळा' करून दमले. कुत्र्याने कानही हलवला नाही. मी समोरच्या दारात उभा होतो. मलाही हाक मारता आली असती, पण तोंड उघडेना. शेवटी हसमुखभाईंनी जिन्यात वरखाली पाहिलं, गुडघे धरत पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "बोंबील, खा ले बेटा."

कुत्रं उठलं.

मला स्वतःची फार लाज वाटली. त्या रविवारी मी पापलेट तळलं ते सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. नोटीस अजून आलेली नाही.