कायद्यात ह्या बसता काय?

वकिलाच्या ऑफिसात फायली साठतात तशा गजाली, म्हणजे गप्पागोष्टीही साठतात. फरक एवढाच की फाईल कधी ना कधी निकाली निघते, गजाल निघत नाही. परवा कपाट आवरायला काढलं आणि एकेक फाईल हातात घेतली, तर खटला कुठल्या कलमाखाली होता ते आठवेना, पण समोर बसलेला माणूस काय बोलला होता ते शब्दन् शब्द आठवत होतं.

मी मालवणात भाऊंची ज्युनिअर म्हणून लागले आणि तिथेच राहिले. भाऊ म्हणजे आमचे सीनिअर; सगळा तालुका त्यांना भाऊच म्हणतो. एसटी स्टँडजवळ, गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. जिना इतका उभा की वर आलेला पक्षकार आधी पाणी मागतो, मग न्याय. प्रश्न तसे तेच ते असतात. घटस्फोट मिळेल का, व्हिसा मिळेल का, अपघाताची भरपाई मिळेल का. पण विचारण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी. लोक ऑफिसात आले की आधी शुद्ध मराठीत सुरुवात करतात, "मी आपणांस असे विचारू इच्छितो" वगैरे, आणि खरी गोष्ट आली की मालवणीवर उतरतात. भाऊ त्या क्षणाची वाट बघत बसायचे. "आता लिवन घे," असं मला म्हणायचे. तोपर्यंतचं लिहायचंच नाही!

*

बाबल एकदा हात गळ्यात बांधून आला. शेजारच्या पास्कूच्या माडाचा नारळ खांद्यावर पडून हाड मोडलं होतं. माड पास्कूच्या आवारातला, पण वाढताना कुंपणाच्या दगडी गडग्यावरून वाकून बाबलच्या अंगणात आलेला. भरपाईचा दावा लावायचा होता.

भाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं. दवाखान्यात कोणी नेलं, असं विचारलं. बाबल म्हणाला, पास्कूनेच, स्वतःच्या रिक्षातून. आता घरी कसं चाललंय? तर पास्कूची बायको रोज पेज आणून देते. मग दावा कशाला? बाबल जरा घुटमळला. मेव्हणा म्हणतो म्हणून, असं म्हणाला.

भाऊ म्हणाले, दावा लावता येईल. पण एक सांग, त्या माडाचे आधी जे नारळ तुझ्या अंगणात पडले, ते पास्कूला परत दिलेस का?

बाबलने नकारार्थी मान हलवली. आमच्या अंगणात पडले ते आमचेच, असा त्यांच्याकडे बापजाद्यांपासूनचा रिवाज होता.

"मगे ह्यो पण तुझोच," भाऊ म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बाबल पुन्हा जिना चढून आला. या वेळी पास्कूला बरोबर घेऊन. माड साफ करून घेतला होता, आणि पिशवीत एकच नारळ होता. तोच. मेव्हण्याने पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितलेला. आमच्या टेबलावर ठेवून बाबल म्हणाला, आता तुम्ही चटणीला घ्या.

*

दिगंबर आखातात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होता. मालकाने तिथे पोचल्या दिवशीच त्याचा पासपोर्ट काढून घेतला आणि परत देईना. कराराची मुदत संपली, वडील इकडे आजारी पडले, तरी देईना. त्याची आई, मालवणीत आवस, आमच्याकडे आली ती रडत नव्हती, संतापलेली होती. "माझ्या झिलाक कोंडून ठेवल्यान हा," एवढंच परत परत म्हणत होती.

माझं काम तेव्हा फार मोठं नव्हतं, पण मनापासून केलं. कामगाराचा पासपोर्ट असा अडकवून ठेवायचा मालकाला अधिकार नाही, हे दिगंबरला फोनवर समजावून सांगितलं. तो घाबरत होता. तक्रार केली तर आतच टाकतील असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मी त्याला आपल्या दूतावासात जायला लावलं, तिथे काय सांगायचं ते दोनदा घोकवून घेतलं. तिथल्या एका अधिकाऱ्याने खरंच लक्ष घातलं. त्याचं नावही मला माहीत नाही, पण त्या माणसाचे उपकार मी अजून मानते. पासपोर्ट मिळाला, दिगंबर घरी आला, वडिलांना शेवटचे काही महिने मुलगा डोळ्यांसमोर मिळाला.

वर्षभराने दिगंबर पुन्हा ऑफिसात. मी विचारलं, आता काय झालं? दुसरी नोकरी लागली होती, चांगल्या ठिकाणी, सगळं कायदेशीर. पण जाता येत नव्हतं. मला वाटलं व्हिसाची भानगड असेल.

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, आवशीन पासपोर्ट देवघरात ठेवन कुलूप घातल्यान हा. आवशीक ह्यो कायदो लागू पडता काय?"

*

वैभववाडीजवळच्या ऋतुजाचं लग्न झालं आणि नवरा परत परदेशी गेला. तिला त्याच्याकडे जायचं तर मुंबईला कॉन्सुलेटमध्ये मुलाखत होती. लग्न खरं आहे की नुसतं व्हिसासाठी, हे ते तपासतात. दोघांचे एकत्र फोटो न्यायचे असतात. ऋतुजा अल्बम घेऊन आमच्याकडे आली. आम्ही पानं उलटतोय, उलटतोय. नवरा-बायको दोघेच असलेला एक फोटो सापडेना. हार घालताना मामा मध्ये, जेवताना आत्या मध्ये, आणि बाकी प्रत्येक फोटोत एक ठसठशीत मावशी, सगळ्यांच्या पुढे.

बिचारी रडकुंडीला आली. भाऊ म्हणाले, अख्खा अल्बम घेऊन जा आणि जे आहे ते खरं सांग. खोटं लग्न करणारे इतके पाहुणे बोलवत नाहीत.

तिथल्या अधिकाऱ्याने अल्बम चाळला आणि विचारलं, यात तुमचे पती कुठे आहेत? ऋतुजाने एका फोटोवर बोट ठेवलं. मावशीच्या खांद्यामागे अर्धा चेहरा दिसत होता. दुसऱ्या फोटोत? तिथेही मावशीच्या मागेच. पतीला जेवायला काय आवडतं, या प्रश्नावर ती म्हणाली की अजून विचारायचं राहिलंय, घरात पाहुणे होते. अधिकारी म्हणे इतका हसला की शेजारच्या खिडकीतला बघायला आला. व्हिसा मिळाला.

दोन-तीन महिन्यांनी माझ्या मोबाईलवर तिचा फोटो आला. बर्फात दोघंच उभी. खाली लिहिलं होतं, "मावशीशिवाय पहिला फोटो. भाऊंना दाखवा."

*

एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. बायको गेलेली, एकुलता मुलगा पुण्याला. आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह मिळण्याचा कायदा आहे, तो त्यांनी पेपरात वाचला होता. अर्ज करायचा होता.

भाऊंनी विचारलं, किती रक्कम मागायची? अण्णा म्हणाले रक्कम नको, पेन्शन पुरते. मग काय हवं?

अण्णांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "भाऊ, माका पैशे नको. माका त्येचो आवाज व्हयो."

भाऊंनी चष्मा काढून पुसला. कायद्यात आवाजाची तरतूद नाही. तरी प्रांतसाहेबांकडे अर्ज केला. मुलगा आला तो चिडलेलाच, मी बापाला उपाशी ठेवलंय का, म्हणत. साहेबांनी त्याला अण्णांचं म्हणणं वाचून दाखवलं. त्याचा राग उतरला. आई गेल्यापासून घरी फोन लावला की काय बोलायचं ते सुचत नाही, असं मग हळू आवाजात म्हणाला. आई उचलायची ना, आम्ही तिच्याशीच बोलायचो. अण्णा बाजूलाच होते. तेही म्हणाले, माझंही तसंच.

साहेब भले माणूस होते. तडजोडीत लिहून घेतलं, मुलाने दर रविवारी वडिलांशी फोनवर बोलावे.

महिन्या-दीड महिन्याने अण्णा पुन्हा जिना चढून वर आले.  मुलगा पाळत नाही का, असं मी विचारलं.

पाळतो, अण्णा म्हणाले. दर रविवारी करतो. पण आता सून बोलते, मग नातू बोलतो, मग परत मुलगा येतो, आणि सगळी क्रिकेटची मॅच हुकते. आदेशात जरा वेळ घालून मिळेल का?

*

वनिताताईंना हायवेवर गाडीने उडवलं. त्या जगल्या, पण उजवा हात कामातून गेला. भरपाईचा दावा ओरोसला, जिल्हा कोर्टात चालला. मी तेव्हा पहिल्यांदाच एकटीने अपघाताची केस चालवत होते आणि मला रात्रंदिवस एकच भीती, की विमा कंपनीचे वकील एका प्रश्नात मला आडवं करतील. आणि तो प्रश्न आलाच. बाई नोकरी करत नव्हत्या. कमाई नव्हती. मग हात गेल्याने नुकसान काय झालं?

साक्षीला वनिताताईंचे यजमान, सीतारामभाऊ, उभे होते. काजूची बाग आणि भातशेती करणारा माणूस. घरातून निघताना चार शब्द बोलायचे आणि परत आल्यावर दोन. मी त्यांना कितीदा तयार केलं होतं, बायको काय काय करायची ते सगळं सांगा, एकही काम विसरू नका. ते नुसती मान हलवायचे. मला खात्री होती की पिंजऱ्यात हे गप्प बसणार.

वकिलांनी विचारलं, आपली पत्नी घरात नेमकं काय काम करत होती, ते सांगा.

सीतारामभाऊ गप्प. मी डोळ्यांनी खुणावतेय. न्यायाधीशांनीही वर बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, सांगा, घाबरू नका.

"साहेब," सीतारामभाऊ म्हणाले, "ता पुरा सांगूक माका येवचा नाय. ती पडल्यापासना मी करतंय. अजून संपूक नाय."

 विमा कंपनीच्या वकिलांनी, मोठे सज्जन गृहस्थ होते, पुढचा प्रश्न कागदावर खोडला आणि बसले. बाकावर वनिताताई डाव्या हाताने पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला आधी वाटलं रडतायत. हसत होत्या.

निकाल आमच्या बाजूने लागला. ती केस मी जिंकले असं लोक म्हणतात. मी काय केलं होतं? खुणावत होते.

*

आनंदीकाकी कुणकेश्वरकडच्या. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. परदेशातल्या एका बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. फोन नाही, पत्र नाही, पोलिसांना पत्ता नाही. घरात त्या आणि त्यांची सून सुलभा, दोघीच. दोघी मिळून खानावळ चालवायच्या. देवदर्शनाला येणारी माणसं त्यांच्याकडे जेवायची.

सात वर्षं उलटून गेल्यावर एक दिवस काकी सुलभाला घेऊन आमच्याकडे आल्या. सुलभाला मोकळी करायची होती. कणकवलीचे एक मास्तर, विधुर, जेवायला यायचे. माणूस चांगला होता. सुलभा नाही म्हणत होती, पण काकींनी तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं होतं.

अडचण एकच होती. काकींना कोणीतरी सांगितलं होतं की मुलगा मेला असं कोर्टात शपथेवर सांगावं लागेल. त्या म्हणाल्या, वाट्टेल ते करीन, "पण तो मेलो असा माझ्या तोंडातसून येवचा नाय."

भाऊ खुर्चीवरून उठून काकींच्या शेजारी बाकावर येऊन बसले. सावकाश समजावलं. घटस्फोटाला तसं सांगावं लागत नाही. कायदा एवढंच विचारतो, की ज्यांना त्याची खबर कळायला हवी होती त्यांना सात वर्षांत काही कळलं का. काकींनी विचारलं, आणि तो आला तर? भाऊ म्हणाले, तर तुमचा मुलगा घरी आला. त्याला कायद्याची काय हरकत?

ओरोसला साक्ष झाली. काकी पिंजऱ्यात, सुलभा मागच्या बाकावर. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी विचारलं, आजी, मुलाची काही खबर?

"खबर नाय, साहेब," काकी म्हणाल्या. "वाट बघतंय."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

सुलभा मोकळी झाली. लग्न कुणकेश्वरलाच झालं, आणि नवरीच्या बाजूने पाहुण्यांना वाढायला कंबर कसून काकीच उभ्या. भाऊ आणि मी जेवायला होतो. भाऊंना त्यांनी इतकी सोलकढी पाजली की येताना गाडीत ते नुसते पोटावर हात ठेवून बसले होते.

त्यानंतर पंधरवड्याने काकी एकट्याच ऑफिसात आल्या. दुपारची वेळ होती, भाऊ फाईल वाचत बसले होते. एक कापा फणस आणि आमसुलांची पिशवी टेबलावर ठेवली. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, असं म्हणाल्या. मी म्हटलं, काकी, उपकार कसले. पाणी प्यायल्या. सुलभाचं कसं चाललंय ते सांगितलं, मास्तर दर शनिवारी तिला घेऊन येतात म्हणाल्या. सगळं बोलून झालं तरी उठेनात.

मी विचारलं, अजून काही होतं का?

"बाय गो, एक इचारूचा होता," त्या म्हणाल्या. "एवढी वर्सां मी राती भायल्या दाराक कडी घालूक नाय. आता कोर्टाचो निकाल झालो. आता घालूची लागतली काय?"

 मी भाऊंकडे बघितलं.

भाऊंनी समोरची फाईल मिटली. "नाय काकी," ते म्हणाले. "कोर्टान दाराबद्दल काय एक सांगूक नाय."

"बरा झाला," काकी म्हणाल्या, आणि छत्री घेऊन एसटी गाठायला जिना उतरायला लागल्या.