पाण्यावरच्या जानकाबाईंचं इंग्रजी

मढच्या बाजूच्या एका हायस्कुलात जानकाबाई सतरा वर्षं झाडलोटीला आणि पाण्याला होत्या. पगाराच्या कागदावर अंगठा, पण दहावीच्या वर्गाबाहेर स्टुलावर बसून इंग्रजीचं व्याकरण मात्र कानांनी पाठ केलेलं. दर वर्षी तोच धडा, वाक्य सिंपल की कंपाऊंड ते ओळखायचा, आणि सरांची तीच ओरड, “नुसतं अँड बघून कंपाऊंड म्हणू नका रे, क्रियापदं मोजा!” पोरांच्या ते डोक्यावरून जायचं. जानकाबाईंनी आपल्यापुरता हिशोब लावला होता. राम अँड शाम वेंट टु मार्केट, माणसं दोन पण क्रियापदाची चूल एकच, म्हणजे सिंपल. राम वेंट टु मार्केट बट शाम स्टेड ॲट होम, इथं चुली दोन, म्हणजे कंपाऊंड. हे सांगणार कुणाला? झाडणारीला कोण विचारतो?

१९९८च्या मार्चात त्यांची लेक स्वप्ना त्याच शाळेत दुसऱ्यांदा दहावीच्या बोर्डाला बसली. इंग्रजी तेवढं राहिलं होतं. बाप तुळशीदास यांनी निक्षून सांगितलेलं, “पास झाली तर जुन्नरला अकरावी. न्हाईतर पारगावचं स्थळ हाय, उरकून टाकू.” लेकच परीक्षेला म्हणून पेपरला पाणी द्यायला दुसरी बाई नेमली होती. ती ऐनवेळी आजारी पडली आणि तांब्या-पेला जानकाबाईंच्या हातात आला.

स्वप्नाला पुटपुटत वाचायची खोड. आई वाकली तेव्हा ती “माय अंकल अँड आन्ट लिव्ह इन पुणे” यावर अडली होती. सतरा वर्षांत कधी वावगं न वागलेल्या बाईनं पेला पुढं करत ओठातल्या ओठात सांगितलं, “सिंपल हाय, बाय. सिंपल लिव.”

पोरीनं नुसतं रागानं पाहिलं. घरी आल्यावर फणकारली, “आई, तुला काय कळतं गं त्यातलं? नापास करत व्हतीस मला. अँड दिसतंय की ढळढळीत. कंपाऊंडच लिवलं मी.”

दुसऱ्या दिवशी झाडता झाडता जानकाबाईंनी सरांना त्या वाक्याचं विचारलं.

“सिंपल, मावशी. दोन मार्कांचा प्रश्न. का हो?”

“आसंच, सर.”

त्यांनी घरी येऊन लेकीला सांगितलं. ती उठून आत निघून गेली.

जूनमध्ये निकाल लागला. ग्रेस धरूनही स्वप्ना दोन मार्कांनी गेली. तुळशीदासांनी गुणपत्रक भिरकावलं. “आईवर गेली, दुसरं काय! दोघींच्या बी डोक्यात भुसा.”

स्वप्ना दारातच उभी होती. खरं काय ते तिला ठाऊक होतं. आईच्या बाजूनं एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ती खाली बघत राहिली.

नवऱ्याचं बोलणं जानकाबाईंना नवं नव्हतं. लेकीचं गप्प राहणं मात्र जिव्हारी लागलं. इतकं, की पारगावला होकार कळवायला तुळशीदास चपला घालून निघाले, तेव्हा ‘नको’ म्हणायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही.