तीन दिवे, एक बोंब

इंजिनाचं जुनं ऑइल आम्ही फेकत नाही, डब्यात साठवतो. कुणी ना कुणी बिजागरीला, साखळीला मागायला येतंच. किस्स्यांचंही तसंच झालंय. टाकवत नाहीत, म्हणून साठत गेले. आता चहाला चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, ते बोटीचं सांगा की!" मग मी सांगतो. मला तरी दुसरं काय येतंय?

आमचं डिझेलचं वर्कशॉप जालना रोडला, करमाडच्या अलीकडं. जनरेटर, पाण्याचे पंप, असलं काम. त्यात पैठणच्या धरणावरची एक लाँच आमच्या गळ्यात पडली. पल्याडच्या गावांना माणसं नेणारी जुनी खाजगी बोट. तिचं इंजिन बघायचे आमच्या वर्कशॉपातले रहीमचाचा. वायरिंग, दिवे, अलार्म माझ्याकडं. बोट चालवायचे लक्ष्मणमामा. मामा धनगराचे, निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. इंजिन बिघडलं की फोनवर म्हणायचे, "अण्णा, आज तिचं चित्त नाय. खोकतीया."

आणि गंमत म्हणजे निदान बरोबर असायचं! खोकतीया म्हणजे डिझेलमध्ये हवा. धाप लागलीया म्हणजे एअर फिल्टर. आम्ही सामान त्या हिशेबानंच घेऊन निघायचो.

*

एकदा मामांचा फोन. "अण्णा, लाल दिवा लागलाय."

"कुठला?"

"किटलीवाला."

किटलीवाला म्हणजे ऑइल प्रेशरचा. म्हणलं, "मामा, इंजिन बंद करा, आम्ही येईस्तोवर चालू करू नका!"

"बरं," म्हणले मामा.

आम्ही बिडकीनपर्यंत पोचलो तोवर दुसरा फोन. "अण्णा, येऊ नका. दिवा गेला."

"गेला? कसा गेला?"

"घरची होती बोटीवर. तिची टिकली चिकटवली त्याच्यावर!"

चाचांनी कपाळावर हात मारला. पोचलो तर ऑइल मोजायच्या पट्टीला नुसतं टोकाला ओलं लागलेलं. अजून थोडा वेळ चाललं असतं तर इंजिन जाम. चाचा लई तापले होते, वाटेत ठरवून आले होते की आज मामांना सोडायचं नाही. पण मामी तिथंच कोपऱ्यात उभ्या, मोकळं कपाळ पदरानं झाकून. चाचांचा आवाजच खाली आला. त्यांनी ती टिकली नखानं अलगद काढली, मामांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणले, "लक्ष्मण, ये भाभी के माथे की चीज है. मशीन कू नक्को लगा."

तेवढंच बोलले. मग शर्ट काढून ऑइलची गळती शोधायला खाली उतरले.

*

उन्हाळ्यात एक दिवस टेंपरेचरचा अलार्म थांबेना. बेल्ट बघितला, पंप बघितला, थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात बुडवून बघितला. सगळं ठीक. चाचा म्हणले, "पानी कहाँ से आता, वो देखो."

बोटीचं इंजिन धरणाचंच पाणी ओढून गार होतं. ओढायच्या तोंडाला जाळी असते. जाळी उघडली तर आत झेंडूचा हार, असा घट्ट बसलेला की जणू मापानं शिवलाय. कुणीतरी पाण्यात सोडलेला.

मी तो ओढून काढणार, तर चाचांनी हात धरला. "आहिस्ता. किसी की मन्नत होगी."

एकेक फूल सोडवलं त्यांनी, आणि हार बोटीच्या पलीकडच्या अंगानं परत पाण्यात सोडला. मामा ओरडले, "अवो चाचा, फिरून आपल्याच जाळीत यील ना त्यो!"

"आने दो. फिर निकालेंगे."

तो आला की नाही ते ठाऊक नाही, पण त्या दिवशी आम्ही सगळे जाळीकडंच बघत बसलो होतो.

*

आता माझी फजिती. सुरुवातीच्या दिवसांत मी किल्ली फिरवली, एकही दिवा लागला नाही, आणि मी ऐटीत म्हणलं, "सगळं ओके!"

चाचा म्हणले, "क्या ओके? मुर्दा भी चुप रहता."

किल्ली फिरवली की आधी सगळे दिवे लागले पाहिजेत, बझर वाजला पाहिजे. इंजिन सुरू झालं की मग विझायचं. जो दिवा लागलाच नाही, त्याच्या विझण्याला काय अर्थ? बघितलं तर मुख्य फ्यूजच उडालेला. वायरिंगवाला मी, आणि फ्यूज दाखवला कुणी, तर चाचांनी!

तेव्हापासून आमच्यात रिवाजच पडला. किल्ली फिरली की तिघांनी मोठ्यानं मोजायचं. "एक दिवा, दोन दिवे, तीन दिवे, बोंब!" बोंब म्हणजे बझर. पल्याड जाणारी माणसंसुद्धा आमच्याबरोबर मोजायची. शाळेची पोरं तर तालावर.

*

याच मोजणीत मला एक गोष्ट कळली. कळली नसती तर बरं झालं असतं.

चाचा 'बोंब' आमच्या मागून म्हणायला लागले होते. जरासंच मागून. आधी माझ्या तोंडाकडं बघायचे, मग म्हणायचे. पूर्वी इंजिनावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि आतली कुठली बेअरिंग गेलीय ते सांगायचे. आता मूठ दातात धरायला लागले, कानानं नाही तर हाडातनं तरी आवाज कळावा म्हणून.

मी एकटं गाठून विचारलं. "चाचा, हे काय?"

बोल्ट पुसता पुसता म्हणले, "मोटी आवाज आती रे. बारीक गई. बझर का तो पताच नै चलता." मग माझा हात धरला. "किसकू बोलना नक्को. ये इंजन मैंने अपने हात से बिठाया. ये गया तो मैं घर बैठ के क्या करूँ?"

ज्या माणसानं मला इंजिन ऐकायला शिकवलं, त्याच्यावर ही वेळ! मी मामांना सांगायला गेलो, तर मामा म्हणले, "मला वरीस झालं ठाव हाय. म्हणून तर बझर वाजला की मी त्यांच्या खांद्याला हात लावतो."

*

आणि मग बोटीच्या मालकानं नवा मॅनेजर नेमला. शिकलेला, शिस्तीचा, काखेत रजिस्टर. पहिल्याच आठवड्यात धक्क्यावर आला आणि सगळ्यांसमोर म्हणला, "चाचा, तुम्हाला अलार्म ऐकू येत नाही असं कळलंय. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. खरं असेल तर इंजिन दुसऱ्याकडं द्यावं लागेल."

माणूस चुकीचं बोलत नव्हता, तेच तर अवघड होतं.

त्यानं चाचांना बोटीच्या टोकाला उभं केलं, पाण्याकडं तोंड करून. मला आणि मामांना लांब बसवलं. "वाजला की हात वर करा," म्हणला, आणि स्वतः किल्ली फिरवली.

बझर असा किंचाळला की धक्क्यावरची कुत्री उठली.

चाचा तसेच उभे. कठड्याला दोन्ही हात घट्ट. मानेवरचा घाम मला लांबूनसुद्धा दिसत होता. हात काही वर होईना.

मामा उठले. "सायेब, बझर वाजंना की वो!"

मी पण उठलो. "व्हय साहेब, वायर गेली असंल."

पल्याड जायला बोटीत टोपलं घेऊन बसलेली एक म्हातारी बोलली, "मला बी काय ऐकू यीना बया." मग तिच्या शेजारची. मग मागच्या बाकावरचे मास्तर, ज्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती, तेसुद्धा म्हणले, "नाही बुवा, काहीच नाही!"

मॅनेजरनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग चाचांच्या पाठीकडं बघितलं, बराच वेळ. रजिस्टर उघडलं, लिहिलं, आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, कारण बझर अजून कोकलतच होता,

"बझर बंद आहे! इंजिनाजवळ मोठा लाल दिवा बसवा, पाठ फिरवली तरी दिसेल असा! इंजिन चाचाच बघतील!"

चाचा वळले. डोळे पुसले, आणि मॅनेजरवरच डाफरले,

"मैं कबसे बोल रा था साहब, बझर खराब है!"