कवळीकार आणि टेकडीचा उतार

भय माणसाच्या देहात आपली एक जागा शोधते आणि तेथे बिऱ्हाड थाटते. कुणाच्या पोटात, कुणाच्या गुडघ्यांत. या कवळीकारांच्या बाबतीत ते हातांच्या बोटांत राहायला आले होते, आणि त्यांची तर अवघी उपजीविका बोटांवर. दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांवरून ते प्लास्टरचे जबडे ओतायचे आणि गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे. जिन्यामागच्या त्या अरुंद खोलीत दिवसभर कानशीची बारीक खरखर चाले आणि सायंकाळपर्यंत त्यांच्या भुवया पांढऱ्या होत. कवळी ज्यांच्या मुखात जायची, त्यांचे मुख मात्र त्यांनी कधी पाहिलेले नसे. प्लास्टरवर नीट बसली म्हणजे ती त्यांच्यापुरती बसली.

पन्नाशी जवळ आली तेव्हा पत्नीच्या धाकट्या भावाने, म्हणजे मेहुण्याने, त्यांना ड्युएथलॉनच्या नादी लावले. आधी धावायचे, मग सायकल, मग पुन्हा धावायचे. धावण्यात ते बेताचेच होते. परंतु सायकलीवर बसले की बसून बसून आखडलेला त्यांचा पाठीचा कणा एखाद्या तपस्व्यासारखा प्रसन्न होई. पुढे गेल्या वर्षी, सराव करताना, टेकडीच्या उतारावरच्या वळणावर ते पडले. गळ्याजवळचे हाड मोडले. हाड सांधले, पण त्यानंतर उतार दिसला की बोटे आपोआप ब्रेकवर वळत आणि सुटत नसत. पुलाचा उतार असो की वाहनतळाचा, ते उतरून सायकल हाताने नेत.

यंदाची स्पर्धा त्याच टेकडीवरून होती. त्यांनी मनाशी ठरवले होते आणि मेहुण्यालाही सांगून टाकले होते, की तो उतार सायकलीवर बसून उतरता आला तर ठीक. नाहीतर सायकल त्याने घेऊन जावी आणि हा विषय घरात पुन्हा काढू नये.

स्पर्धेच्या सकाळी त्यांनी चहा अर्धाच प्यायला.

"अहो, नका जाऊ," पत्नी म्हणाली. "कोणी बोलावणं धाडलंय का तुम्हाला?"

"ताई, जाऊ दे त्यांना," मेहुणा बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला. "मी माझ्या खोलीत सायकल टांगायला भिंतीला हूक ठोकूनसुद्धा ठेवलाय."

"तुझ्या जिभेला हाड नाही," ती म्हणाली, आणि कपात राहिलेला चहा तिने मोरीत ओतला.

पहिले धावणे पार पडले. त्या गर्दीत भयाला वेळच मिळाला नाही. दोरीने आखलेल्या आवारात, लोखंडी दांड्यावर बैठकीच्या आधाराने टांगलेल्या सायकलींच्या रांगा होत्या. हेल्मेटचा पट्टा लावल्यावाचून सायकलीला स्पर्श करायचा नाही, हा तेथला कडक नियम. त्यांनी पट्टा लावला, सायकल काढली आणि ते निघाले.

थोड्याच अंतरावर काहीतरी बिनसले. सपाट रस्ता, वारा नाही, तरीही पाय जणू चिखलातून पॅडल फिरवीत होते. मागून माणसे येत आणि सहज पुढे निघून जात. एक गृहस्थ तर शीळ घालत गेले. कवळीकारांना घाम फुटला, आणि तो श्रमाचा नव्हता. त्यांना वाटले, बोटांत राहणारे भय आता पायांतही उतरले. वडील याच वयात, कपाटाचे दार उघडता उघडता छातीला हात लावून खाली बसले होते, ते पुन्हा उठलेच नाहीत. छातीतला ठोका कानांत ऐकू येऊ लागला. प्रत्येक ठोक्याला ते पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागले. टेकडीचा चढ आपण कसा चढून आलो, हे त्यांना पुढे कधीच नीट सांगता आले नाही.

माथ्यावर शिट्टी घेतलेली एक स्वयंसेविका उभी होती. कवळीकार थांबले आणि त्यांनी एक पाय जमिनीला टेकला. समोर रस्ता एकदम खाली कोसळत होता, आणि दूरवर ते वळण दिसत होते.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"नाही. म्हणजे, बरा आहे. माझं झालं."

"चालत उतरलात तरी नियमात बसतं. पण जरा कडेला घ्या, मागून लोक येताहेत."

बैठकीवरून न उतरताच त्यांनी पायाने सायकल पुढे रेटली. ती नाखुशीने सरकली, आणि त्यांच्या कानांवर एक बारीक खरखर आली. ती खरखर त्यांच्या ओळखीची होती; दिवसभर ते दुसरे काय ऐकत? ते खाली उतरले. चाक निर्वेध फिरले, नाद नाही. पुन्हा बसले, खरखर पुन्हा आली.

आदल्या सायंकाळी, उताराच्या धास्तीने, त्यांनी ब्रेकचे रबर चाकाच्या कडेजवळ आणले होते. मन भरले नाही म्हणून आणखी थोडे जवळ आणले. सायकल उलटी करून चाक फिरवून पाहिले. ते सुरेख फिरले. प्लास्टरवर कवळी बसली होती. भार पडल्यावर ती चावेल, चाक किंचित कलून रबराला घासेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता, कारण भार पडतो तेथे ते कधी हजरच नसत. साऱ्या वाटेने ते आपल्याच भयाला ओढत आले होते. पाय निर्दोष होते. हृदयही, बिचारे, आपले काम इमाने करीत होते.

हे कळले म्हणून धीर आला असे मात्र नाही. उलट आता खरा प्रसंग उभा राहिला. ब्रेक सैल करायचा, आणि तोही या माथ्यावर, त्या वळणाकडे पाहत. तसाच ठेवून खुरडत जाण्याची मुभा होती. चालत उतरण्याचीही होती.

"काका, काही हवंय का?" मुलीने विचारले.

"काही नको. तुम्ही फक्त माझ्याकडे बघू नका."

तिने शहाण्यासारखे तोंड फिरवले. कवळीकार वाकले. ब्रेकजवळचा बारीक स्क्रू त्यांनी दोन बोटांत धरला. त्यांनी तो फिरवला, बैठकीवर भार टाकला, ऐकले. आणखी किंचित फिरवला. खरखर थांबली. आता अडवणारे काही उरले नव्हते.

ते निघाले. वारा कानांत शिरला, डोळ्यांना पाणी आले. बोटे ब्रेकवर होती. त्यांनी ती दाबली, सोडली, पुन्हा दाबली. सोडताना प्रत्येक वेळी कड्यावरून हात सोडल्यासारखे वाटे. वळण आले तेव्हा त्यांनी मनात कुठल्याशा देवाचे नाव घ्यायचे ठरवले, पण एकही नाव आठवेना; तोंडून नुसता "अगं आई" एवढाच शब्द निघाला. रस्ता सरळ झाला तेव्हाही ते पुटपुटतच होते.

आवारात पोहोचले तेव्हा बहुतेक सायकली दांड्यावर परतल्या होत्या. स्पर्धा केव्हाच संपवून, केळे खात, मेहुणा दोरीपलीकडे उभा होता.

"काय भाऊजी? बसून उतरलात की सायकल हातानं उतरवलीत?"

कवळीकारांचे दातावर दात वाजत होते. त्यांनी सायकल टांगली. मग ते हेल्मेटचा पट्टा सोडवू लागले. परंतु ज्या बोटांनी तांदळाएवढा दात मेणात बसवावा, त्यांना एक चिमटा उघडेना.

"मागचं चाक जरा वाकडं दिसतंय. बघू?" मेहुण्याने दोरीवरून हात पुढे केला.

"हात लावू नकोस तिला."

"बघतोय फक्त."

"हूक काढून टाक भिंतीतला," कवळीकार म्हणाले, आणि हेल्मेट डोक्यावर तसेच ठेवून दुसऱ्या धावण्याला निघाले. वाटेत लोक हसले. अंतिम रेषा येईपर्यंत त्यांच्या हातांचा कंप थांबला नव्हता.